जैविक घड्याळ आणि चयापचय : ‘द सर्कॅडियन कोड’मधील युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना :
‘काय खावे’ आणि ‘किती खावे’ या प्रश्नांपुरत्या मर्यादित राहिलेल्या आहारविचारात ‘केव्हा खावे’ हा तिसरा प्रश्न आणणाऱ्या संशोधकांत सच्चिदानंद पांडा यांचे स्थान महत्त्वाचे आहे. दिवसभराचे खाणे ठरावीक तासांच्या मर्यादेत आणल्यास चयापचय क्रिया सुधारते, हा त्यांच्या ‘द सर्कॅडियन कोड’ (2018) या ग्रंथाचा मुख्य आग्रह होय.

विवेचन :
या आग्रहाचा शास्त्रीय पाया भक्कम आहे. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशाशी जुळते. यकृतासारख्या अवयवांतील घड्याळे अन्नाच्या वेळेशीही जुळवून घेतात. अवेळी खाण्याने या दोहोंतील मेळ बिघडतो. 2012 साली पांडा यांच्या प्रयोगशाळेत स्निग्ध अन्नातून तेवढेच उष्मांक घेऊनही, केवळ आठ तासांत खाणारे उंदीर स्थूलतेपासून बचावले.

तथापि, उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. उंदीर निशाचर असून त्याचा चयापचयाचा वेग माणसाहून कितीतरी अधिक असतो. सोळा तासांचा उपवास त्याला अधिक कठोर ठरतो. 2022 साली चीनमधील ग्वांगझू येथे 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीत दोन्ही गटांचे उष्मांक मर्यादित होते. एका गटाने शिवाय सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच खाल्ले. वजन सरासरी 8.0 व 6.3 किलोग्रॅम घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. उलटपक्षी, 2018 सालच्या मधुमेहपूर्व अवस्थेतील आठ पुरुषांवरील छोट्या अभ्यासात वजन न घटताही इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. म्हणजे वेळेचे महत्त्व असले, तरी ते वजनकाट्यावर शोधणे पुरेसे नाही.

याहून गंभीर मर्यादा सामाजिक आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेची वा कामगाराची जेवणाची वेळ त्यांच्या हाती नसते. सॅन दिएगोतील अग्निशामक जवानांना 24 तासांच्या पाळीतही दहा तासांची मर्यादा पाळता येते, असे पांडा व सहकाऱ्यांनी 2022 साली दाखविले. हे कार्य मोलाचे खरे. परंतु येथेही पाळी तशीच राहते आणि जुळवून घेण्याचा भार कामगारावरच पडतो.

समारोप :
सारांश, घड्याळ आणि चयापचय यांचा संबंध निर्विवाद आहे. त्यावर उभारलेला उपदेश मात्र अपुरा आहे. आरोग्याचा हा प्रश्न केवळ वैयक्तिक शिस्तीचा नसून कामाच्या वेळापत्रकाचाही आहे, असे मानल्याशिवाय या विज्ञानाचा लाभ ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.