बलदंडाचे माणूसपण : एस. व्ही. रंगारावांचा अभिनय

दक्षिणेकडील चित्रपटांविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते, ते नायकांविषयी. चरित्र-अभिनेत्याचे नाव आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. बाप, आजोबा, जमीनदार, मांत्रिक, राक्षस अशा भूमिकांचा भार तो वाहतो आणि श्रेयनामावलीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत उभा राहतो. तेलुगू चित्रपटसृष्टीत मात्र एका चरित्र-अभिनेत्याला रसिकांनी ‘विश्वनटचक्रवर्ती’ ही पदवी दिली आणि नंदमूरी तारक रामाराव व अक्किनेनी नागेश्वर राव या दोन नायकांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले. हा नट म्हणजे समर्ल वेंकट रंगाराव, अर्थात एस. व्ही. रंगाराव.

३ जुलै १९१८ रोजी नूझवीड येथे त्यांचा जन्म झाला. विज्ञानाची पदवी घेऊन ते अग्निशमन दलात अधिकारी झाले. हौशी रंगभूमीचा नाद मात्र सुटला नाही. ‘वरूधिनी’ (१९४७) या पहिल्या चित्रपटाला यश आले नाही, तेव्हा त्यांनी जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात नोकरी धरली. काही काळाने ते मद्रासला परतले. ‘शावुकारु’ (१९५०) मधील दांडगट रंगडूने प्रेक्षकांचे लक्ष वेधले आणि ‘पाताळ भैरवी’ (१९५१) मधील नेपाळी मांत्रिकाने त्यांचे स्थान पक्के केले. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा दक्षिणेकडून हाच चित्रपट तेथे दाखवला गेला.

धिप्पाड देह, घनगंभीर आवाज आणि संथ, वजनदार चाल ही रंगारावांची संपत्ती. असा देह लाभलेल्या नटाला दिग्दर्शक बलवंताच्याच भूमिका देणार, हे उघड आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. बलदंड माणूस दुसऱ्याच्या मनापुढे येऊन थांबतो, तेव्हा त्याचे काय होते? रंगारावांच्या उत्तम भूमिका या एकाच प्रश्नाभोवती फिरतात, असे आमचे मत आहे. त्यांचे सामर्थ्य ओरडण्यात नव्हते. नकार ऐकणारा चेहरा दाखवण्यात होते.

‘नर्तनशाला’ (१९६३) हा चित्रपट विराटपर्वावर आधारलेला आहे. त्यात त्यांनी कीचक उभा केला. मराठी वाचकाला कीचक परका नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. तो कीचक राज्यसत्तेच्या मदाचे प्रतीक होता. रंगारावांचा कीचक घरातला आहे. तो राणी सुदेष्णेचा भाऊ, सेनापती आणि सर्वांचा लाडका. सावित्रीने साकारलेली सैरंध्री त्याच्या दृष्टीस पडते, तेव्हा रंगारावांच्या हालचालींत घाई दिसत नाही. हवे ते मिळण्याची ज्याला आयुष्यभर सवय आहे, त्याची ती सावकाश चाल आहे. या माणसाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले नाही, हे संवादाच्या आधीच प्रेक्षकाला कळते. म्हणून त्या अंतःपुरात एकटा कीचक दोषी ठरत नाही. त्याचे लाड पुरवणारी बहीण आणि त्याच्या बळावर विसंबून राहिलेला राजा यांचाही हिशेब प्रेक्षक मनात मांडू लागतो. घराघरांतून आजही एखाद्या मुलाचे सारे अपराध पोटात घातले जातात. अशा घरांनी हा कीचक अवश्य पाहावा. जकार्ता येथील १९६४ च्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी रंगारावांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

याच नटाचा ‘मायाबझार’ (१९५७) मधील घटोत्कच पाहिला की त्याच्या कक्षेची कल्पना येते. बलरामाच्या कन्येच्या विवाहाची ही कथा आपल्याकडे ‘सुरेखाहरण’ म्हणून परिचित आहे. बाबूराव पेंटरांनी १९२१ सालीच तिच्यावर मूकपट काढला होता. के. व्ही. रेड्डींच्या चित्रपटात घटोत्कच शशिरेखेचे रूप घेतो, आणि मग सावित्री ही अभिनेत्री रंगारावांची चाल आणि मिशीवर ताव देण्याची ऐट स्वतःच्या देहावर वागवते. एका नटाची लकब इतकी स्पष्ट असावी की दुसऱ्या कलावंताने ती पांघरताच प्रेक्षकांनी ओळखावी, याहून मोठी पावती कोणती? हा राक्षस भाषेचाही रसिक आहे. त्याचा एक अनुचर व्याकरणात न बसणारा शब्द बोलतो आणि गुरू त्याला दटावतो. घटोत्कच मात्र अनुचराची बाजू घेतो. कोणीतरी घडवल्याशिवाय नवे शब्द यावेत कुठून, असा त्याचा सवाल असतो. पिंगळी नागेंद्रराव यांची ही लेखणी. पण राक्षसाच्या मुखातून ती पंडिती न वाटता मिस्कील वाटते, हे रंगारावांचे श्रेय.

‘भक्त प्रल्हाद’ (१९६७) मध्ये बलवंतासमोर उभे राहते ते त्याचे स्वतःचे मूल. हिरण्यकशिपूला देवही भितात, पण एका बालकाची श्रद्धा त्याला मोडता येत नाही. रंगाराव येथे क्रोधाच्या खाली पित्याचा जिव्हाळा तेवत ठेवतात, म्हणून हा असुर कीवही जागवतो. याच्या अगदी उलट टोकाला ‘बंगारू पापा’ (१९५५) मधील कोटय्या आहे. जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीवरून बी. एन. रेड्डींनी हा चित्रपट केला आणि विणकराचा लोहार केला. तुरुंगातून सुटलेल्या, सूडाने पेटलेल्या कोटय्याच्या हाती एक टाकलेली मुलगी येते आणि तिला वाढवता वाढवता तो माणूस होतो. हृदयपरिवर्तन हा शब्द आपण धर्मोपदेशांतून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. कोटय्याच्या राकट हातांत ते मूल पाहताना त्या शब्दाचा अर्थ पुन्हा ताजा होतो. हिरण्यकशिपू मुलासमोर हरतो व नष्ट होतो. कोटय्याही मुलासमोर हरतो, पण वाचतो.

आमच्या वाचकांना अधिक जवळचा वाटावा असा चित्रपट ‘मिस्सम्मा’ (१९५५). त्याची नायिका मेरी ही ख्रिस्ती आहे, पी. लीला यांच्या आवाजात ती मरियामातेला आळवते, आणि त्या काळच्या लोकप्रिय तेलुगू चित्रपटात ही प्रार्थना कोणतीही थट्टा न करता येते, याची नोंद घ्यायला हवी. नोकरीच्या गरजेपोटी मेरी एका हिंदू तरुणाची पत्नी असल्याचे सोंग घेऊन जमीनदाराच्या शाळेत शिक्षिका होते. तो जमीनदार म्हणजे रंगाराव. शाळेला त्याने आपल्या हरवलेल्या मुलीचे नाव दिले आहे. येथे त्यांनी सारे बळ आवरून धरले आहे. हा थोरला माणूस फक्त माया करतो. अखेरीस मेरी हीच ती हरवलेली मुलगी ठरते.

या शेवटाविषयी आमची तक्रार आहे. अंगावरच्या एका खुणेने श्रद्धेचा पेच सुटतो. मेरीने जी श्रद्धा मनाने धरली आणि ज्या ख्रिस्ती पालकांनी तिला वाढवले, त्यांचे काय, या प्रश्नाला कथा वळसा घालते. ती जमीनदाराची कोणीच निघाली नसती तर? परक्या, परधर्मीय शिक्षिकेवर त्या घराने तशीच माया केली असती काय? पटकथा हे विचारायचे टाळते. परंतु रंगारावांनी उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, कारण ओळख पटण्यापूर्वीच्या प्रसंगांतही त्यांच्या डोळ्यांत तेच वात्सल्य आहे. कथेने रक्ताला दिलेले श्रेय नटाने माणुसकीला दिले.

दोष दाखवायचाच तर रावण, दुर्योधन, कंस, नरकासुर अशा भूमिकांच्या रांगेत त्यांचा आवाज कधीकधी सवयीने चालतो. निर्मात्यांनी त्यांचा देह वारंवार मागितला. त्यांचे मौन फार थोड्यांनी मागितले. ‘चदरंगम’ (१९६७) आणि ‘बांधव्यालु’ (१९६८) हे चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले, दोन्ही कौटुंबिक. १९७३ च्या ‘ताता मनवडू’ मध्ये ते आजोबा झाले. १८ जुलै १९७४ रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते. २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांचाही चेहरा आहे.

भाषा कळत नाही म्हणून हे चित्रपट बाजूला ठेवण्याचे कारण नाही. कुटुंबाने एकत्र बसून प्रथम ‘मायाबझार’ पाहावा, मग ‘मिस्सम्मा’. आणि दुसऱ्यानंतर मुलांशी त्या शेवटाविषयी बोलावे. आपल्या घरात कोणाला आपले म्हणायचे आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न मुले आपल्याहून अधिक सरळपणे विचारतील.