डॅन्यूबची सफर आणि बुडालेले बेट

नदीवरच्या महागड्या सफरींची माहितीपत्रके मी काही वर्षे प्रवासवर्णनाचाच एक पोटप्रकार मानून वाचतो आहे. समुद्रसफरींच्या जाहिरातींत कॅसिनो आणि पोहण्याचे तलाव असतात. इथे मठातले ग्रंथालय, मोझार्टची मैफल, काठावरच्या द्राक्षमळ्यातली वाइन आणि जेवणाआधी इतिहासावरचे व्याख्यान. वाचक गृहीत धरलेला आहे तो बहुधा निवृत्त, बरेच वाचलेला, ‘सात दिवसांत नऊ देश’ या प्रकाराला कंटाळलेला. त्याला पाहायचे नाही, समजून घ्यायचे आहे. डॅन्यूबवरच्या सफरी या वर्गाचा उत्तम नमुना होत.

या ओढीची टिंगल करण्याचे कारण नाही. सामान एकदाच सोडायचे आणि व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड या चार राजधान्या आपल्या खोलीसह गाठायच्या, ही सोय मोठीच आहे. पण खरा मुद्दा सोयीपलीकडचा आहे. विमानाने किंवा बसने जाणाऱ्याला शहर मागच्या दाराने भेटते : गोदामे, उड्डाणपूल, मग हॉटेल. नदीवरून येणाऱ्याला ते समोरून भेटते. बुडापेस्टची संसद नदीकडे तोंड करून उभी आहे, मेल्कचा मठ नदीवरून दिसावा असाच कड्यावर बसवला आहे. जहाजाच्या डेकवरून या वास्तूंचा हेतू कळतो, आणि हे ज्ञान दुसऱ्या वाटेने सहज मिळत नाही. (व्हिएन्ना मात्र फसवते. तिथला मुख्य प्रवाह जुन्या शहरापासून दूर आहे, आणि आजचे त्याचे पात्र एकोणिसाव्या शतकात माणसांनी खणलेले आहे.)

माझा आक्षेप आहे तो ‘कालातीत नदी’ या शब्दांना. ही माहितीपत्रके नदीला निसर्ग समजतात. ती बांधकाम आहे. जहाजाची रुंदीच बघा. साधारण 190 प्रवाशांची ही जहाजे 135 मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतात, कारण वाटेतल्या अनेक जलपाशांची रुंदी 12 मीटर आहे. म्हणजे आपली खोली किती ऐसपैस असावी हे जलपाश ठरवतो. ऱ्हाइन आणि डॅन्यूब जोडण्याचा प्रयत्न शार्लमेनने 793 मध्ये केला होता. 171 किलोमीटरचा आजचा कालवा पूर्ण झाला 1992 मध्ये. ॲमस्टरडॅमहून काळ्या समुद्राकडे जाणारी सफर त्यानंतरची.

सर्बिया आणि रुमानिया यांच्या मधल्या ‘आयर्न गेट्स’ घळीत हा प्रश्न टोकाला जातो. इथला प्रवाह पूर्वी इतका ओढाळ होता की वरच्या दिशेने जाणारी जहाजे ओढायला काठावरच्या कालव्यालगत रेल्वेचे इंजिन ठेवावे लागे. युगोस्लाव्हिया आणि रुमानिया यांनी मिळून 1964 ते 1972 या काळात धरण बांधले आणि पाणी शांत झाले. ओर्शोव्हा गाव त्यात गेले. लेपेन्स्की वीरची प्रागैतिहासिक वस्ती आणि सम्राट ट्राजनचा शिलालेख वर हलवण्यात आले.

अडा काले हे बेट हलवता आले नाही. जेमतेम पावणेदोन किलोमीटर लांबीचे, तुर्की वस्तीचे, किल्ला, मशीद आणि अंजिराच्या झाडांचे हे बेट. 1878 च्या बर्लिन काँग्रेसमध्ये मुत्सद्दी त्याचा उल्लेख करायला विसरले, त्यामुळे चहूकडून ऑटोमन सत्ता हटली तरी कागदोपत्री ते सुलतानाचेच राहिले. बुडवण्याआधी वस्ती पाडण्यात आली. रहिवासी काही तुर्कस्तानात गेले, काही रुमानियातच पांगले. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे देऊळ पाणी ओसरले की वर येते, लोक होडीने ते पाहायला जातात. अडा काले वर येत नाही.

जहाज त्याच्यावरून काही मिनिटांत जाते. त्याच घळीत डेकवरचे सगळे कॅमेरे वळतात ते रुमानियाच्या काठावर कड्यात कोरलेल्या डेशियन राजा डेसेबॅलसच्या अजस्र चेहऱ्याकडे. प्राचीन वाटणारा तो चेहरा 1994 ते 2004 या दहा वर्षांत, एका रुमानियन उद्योगपतीच्या पैशाने कोरलेला आहे. खरे जुने पाण्याखाली आणि नवे जुन्याच्या वेषात वर. या सफरींवरची माझी टीका एवढीच आहे की ज्या शांत पाण्याने ही सफर शक्य केली त्याच पाण्याने हे बेट गिळले, आणि जिज्ञासू प्रवाशाला हा हिशेब कोणी सांगत नाही.

तो सांगता येतो. पॅट्रिक ली फर्मर 1934 मध्ये पायी फिरत अडा कालेला पोचला होता. त्या टप्प्याचे त्याचे पुस्तक 1986 साली आले आणि शेवटी या बुडालेल्या खोऱ्याचा शोक करते. त्याच वर्षी क्लाउदिओ माग्रिसचे ‘डॅन्यूब’ इटालियनमध्ये निघाले, उगमापासून मुखापर्यंतचे. दोघांनीही नदीला वेळ दिला. आठवड्याच्या सफरीत तेवढा वेळ नाही हे मान्य, पण व्याख्यानाचा एक तास असतोच.

पूर्वेकडच्या काही सफरी शेवटी प्रवाशांना बसने काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टान्ट्साला नेतात. अडा कालेच्या मशिदीतला भला मोठा गालिचा आता तिथल्या मोठ्या मशिदीत अंथरलेला आहे.