आद्य मंडळीची परंपरा आणि ‘क्रिस्तपुराण’

आपल्या मंडळ्यांत ‘परंपरा’ हा शब्द बहुधा दोन प्रकारे ऐकू येतो. कोणी तो वाडवडिलांच्या चालीरीतींसाठी वापरतात, तर कोणी तो शास्त्राच्या विरोधात उभा करून त्याचा धिक्कार करतात. आद्य मंडळीच्या शिकवणीत या शब्दाचा अर्थ याहून निराळा होता. त्या अर्थाच्या कसोटीवर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे मोल काय ठरते, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

नव्या करारातील ‘पॅराडोसिस’ हा ग्रीक शब्द मुळात एका कृतीचा वाचक आहे: एकाने दुसऱ्याच्या हाती देणे. प्रभुभोजन व पुनरुत्थान यांविषयी लिहिताना पौल सांगतो की, आपणांस जे मिळाले तेच आपण पुढे दिले (१ करिंथ ११:२३, १५:३). पहिल्या वचनात तर हे देणे आणि प्रभूला शत्रूच्या हाती देणे या दोन्ही कृत्यांसाठी मुळात एकच क्रियापद आले आहे. मराठीत हा योग सहसा दिसत नाही. परंतु हाती देण्यात निष्ठाही असू शकते व घातही, हे त्यावरून ध्यानी यावे.

दुसऱ्या शतकात काही पंथ आपणांजवळ प्रेषितांचे गुप्त ज्ञान असल्याचे सांगू लागले. इ. स. १८० च्या सुमारास इरेनेयसने त्यांना उत्तर दिले की, प्रेषितांची परंपरा मंडळ्यांत सर्वांदेखत शिकविली जाते. भाषा अनेक असल्या तरी परंपरेचे सामर्थ्य एकच, असे तो म्हणतो. कागद व शाई यांवाचून ज्यांच्या अंतःकरणात तारण लिहिले गेले, अशा निरक्षर लोकांची तो साक्ष काढतो. पुढे तिसऱ्या शतकात सिप्रियनने बजावले की, सत्याविना रूढी ही केवळ जुनी झालेली चूक होय. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना मतांगीकार तोंडी दिला जाई आणि काही दिवसांनी त्यांनी तो स्वमुखाने परत म्हणावयाचा असे. देणे आणि परत देणे या दोहोंनी मिळून परंपरा पुरी होई.

आता ‘क्रिस्तपुराणा’कडे वळू. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले व सासष्टीत त्यांनी सेवा केली. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापला गेला. तारणाची कथा ओवीत व पुराणाच्या घाटात सांगून स्टीफन्सनी आशय न बदलता तो मराठीच्या हाती दिला. इरेनेयसची भाषांविषयीची कसोटी येथे निःसंशय उतरते.

तथापि ग्रंथाचा आरंभ विसरता येत नाही. नवख्रिस्ती श्रोता तेथे विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. म्हणजे या देण्यामागे एक हिरावून घेणेही होते, आणि त्यास राजसत्तेचे बळ होते. शिवाय ग्रंथात प्रश्न श्रोत्यांचे असले तरी उत्तर सदैव पाद्रीच देतात. परत देण्यास तेथे वाव थोडा आहे. हे उणे आम्ही गंभीर मानतो.

ते उणे पुढे वाचकांनी भरून काढले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. १६१६, १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये बांदेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. ज्यांनी रात्री जागून या ओव्या उतरून घेतल्या त्यांच्या हातून ‘क्रिस्तपुराण’ खऱ्या अर्थाने परंपरा झाले, असा आमचा अभिप्राय आहे.

या अभिप्रायाचा आजच्या सेवेशी संबंध आहे. नगर हवेलीही १७८३ पासून १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होती. तेथील दुधनीच्या परिसरात वारली व कोकणा समाज राहतात. वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी गाणी गाते ती पोथीतून आलेली नाहीत. ऐकणारीने पुढे गाणे, हीच त्यांची रीत. अशा लोकांस तोंडी सुपूर्द करणे व तोंडी परत घेणे मुळीच परके नाही. तेथे शिकविणारा धर्मशिक्षक प्रमाण मराठीतील प्रश्नोत्तरे घोकून घेऊन थांबला, तर त्याने अर्धेच काम केले. आधी त्यांचे गाणे हिरावून मग आपले दिले, तर सासष्टीतील दोष पुन्हा घडला. शिकविलेला मतांगीकार वारली बोलीत, त्यांच्याच शब्दांत परत ऐकावा. तो प्रेषितांच्या साक्षीशी जुळतो की नाही ते सर्वांसमक्ष पडताळावे. आणि जुळत असेल तर आपणही तो त्यांच्याकडून शिकावा. आद्य मंडळीने परंपरा या शब्दाने एवढी अपेक्षा केली होती.