वर्दिंग्टन मायनर : रंगमंचाकडून दूरचित्रवाणीकडे

रंगभूमीवर मुरलेला दिग्दर्शक दुसऱ्या माध्यमात गेला, की आपली चौकटही बरोबर नेतो. वर्दिंग्टन मायनर (१९००–१९८२) या अमेरिकन दिग्दर्शकाने ती मागे ठेवली, म्हणूनच त्याच्या कर्तृत्वाचा विचार नाट्यसमीक्षेने करणे अगत्याचे आहे.

ब्रॉडवेवर मायनर यांचे स्थान सामान्य नव्हते. वृत्तपत्रसृष्टीवरील 'फाइव्ह स्टार फायनल' (१९३०), शेरवुड यांचे 'रियुनियन इन व्हिएन्ना' (१९३१), पुलित्झर पारितोषिक मिळालेले मॅक्सवेल अँडरसन यांचे 'बोथ युवर हाउसेस' (१९३३) ही त्यांनी दिग्दर्शित केलेली नाटके. आयर्विन शॉ यांचे 'बरी द डेड' १९३६ मध्ये त्यांनी वॉल्टर हार्ट यांच्यासह बसविले. १९३९ मध्ये ते सीबीएसच्या दूरचित्रवाणी विभागात दाखल झाले. पुढे युद्ध आले आणि खरे काम लांबणीवर पडले.

'स्टुडिओ वन' ही मालिका प्रथम नभोवाणीवर चाले. मायनर यांनी ७ नोव्हेंबर १९४८ रोजी तिला दूरचित्रवाणीवर आणले. प्रयोग थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर ती प्रेक्षकांसमोरच होई. येथवर रंगभूमीशी साम्य आहे. पण पडदा वर गेल्यानंतर नाट्यदिग्दर्शकाचे काम संपते, तर येथे ते त्याच क्षणी सुरू होते. कोणता चेहरा केव्हा दाखवायचा, हा निर्णय प्रयोग चालू असतानाच अमलात येतो. रंगमंचावर दृष्टी कोठे ठेवावी याचे जे स्वातंत्र्य प्रेक्षकाला असते, ते येथे त्याच्याकडून काढून घेतले जाते. या सत्तेचा विवेकी वापर हीच मायनर यांची खरी कमाई होय.

६ मार्च १९४९ चा 'ज्युलियस सीझर' या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दिग्दर्शन पॉल निकेल यांचे, निर्मिती मायनर यांची. पात्रांना आधुनिक वेष देण्याची कल्पना नवी नव्हती. ऑर्सन वेल्स यांनी १९३७ मध्ये ती रंगमंचावर आणली होती. नवे होते ते परिमाण. तेव्हाच्या इवल्याशा पडद्यावर रोमचा जनसमुदाय मावणार नाही, कारस्थान्यांची तोंडे मात्र मावतील. सार्वजनिक वक्तृत्वाचे हे नाटक त्यामुळे कुजबुजीचे नाटक बनते. शेक्सपिअरचे यात नुकसान झाले, हे मान्य करावेच लागेल. तासाभरात कोंबलेल्या संहितेत वाणीचा विस्तार उरत नाही. तरीही ब्रूटसच्या मनातील द्वंद्व रंगमंचावर क्वचितच इतके जवळ येते.

मायनर यांची मर्यादाही येथेच आहे. त्यांची बहुतेक नाटके रूपांतरित होती आणि रूपांतरकार पुष्कळदा ते स्वतःच असत. कादंबरी अथवा नाटक घ्यावे, छाटावे, कॅमेऱ्याला जुळवावे, ही त्यांची रीत. नाटककाराची उणीव त्यांना फारशी भासली नसावी. ती भासली फ्रेड को यांना. तेही रंगभूमीवरून आलेले. पण त्यांनी याच माध्यमासाठी लिहिणारे लेखक जवळ केले आणि २४ मे १९५३ रोजी पॅडी चायेफ्स्की यांचे 'मार्टी' सादर झाले. खुद्द 'स्टुडिओ वन'वर रेजिनाल्ड रोझ यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आले ते १९५४ मध्ये. तोवर मायनर १९५२ मध्येच एनबीसीकडे गेले होते. मात्र एका खोलीत कोंडलेल्या बारा माणसांचे ते नाटक मुद्रेवर विसंबून राहण्याची जी सवय मायनर यांनी त्या मालिकेला लावली, तिच्याशिवाय नभोनाट्यच राहिले असते. (दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाच्या आरंभीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. तेथे नाटककार आणि निर्माता एकाच देहात नांदत होते, हा योग विरळा.)

त्याच १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्थानिक केंद्राने 'द प्ले ऑफ द वीक' ही मालिका सुरू केली. तिच्या निर्मितीत मायनर होते. आता तासाचे बंधन नव्हते. ओनीलचे 'द आइसमन कमेथ' १९६० मध्ये सिडनी ल्यूमेट यांच्या दिग्दर्शनाखाली तेथे दाखविण्यात आले, आणि त्याला दोन भाग द्यावे लागले.