एका भूमीची अनेक नावे

बायबलच्या शेवटी जोडलेल्या नकाशांत एक मथळा हमखास आढळतो : ‘येशूकालीन पॅलेस्टाईन’. सोय म्हणून तो चालून जातो. पण शुभवर्तमान बारकाईने वाचणाऱ्याचे त्याने नुकसान होते, असे मला वाटते. चारही शुभवर्तमानांत हे नाव एकदाही येत नाही.

संत मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील 20 ते 22 ही तीन वचने पाहावीत. मिसर देशात दूत योसेफाला स्वप्नात सांगतो, ‘इस्राएल देशात’ जा. हा शब्दप्रयोग नव्या करारात फक्त येथेच आहे, आणि आज्ञेचा घाट थेट मोशेला मिद्यानात मिळालेल्या आज्ञेची आठवण करून देतो. योसेफ निघतो, पण पोहोचल्यावर कानी येते ते वेगळेच नाव. यहूदीयात हेरोदाच्या जागी अर्खेलाव राज्य करीत आहे! भीतीपोटी तो गालील प्रांताकडे वळतो. स्वप्नात ऐकलेला देश एक, सत्तेने आखलेला दुसरा, आणि बिऱ्हाड मांडायला मिळाला तो तिसराच मुलूख. निर्वासित कुटुंबाची सारी व्यथा मत्तयाने या तीन नावांत साठविली आहे. नकाशाचा एकच मथळा ती पुसून टाकतो.

आधीची नावेही बोलकी आहेत. अब्राहामाला दाखविलेला देश ‘कनान’, म्हणजे दुसऱ्यांच्या नावाचा; पवित्र शास्त्राने ते लपविलेले नाही. ‘इस्राएल’ बायबलबाहेर प्रथम आढळते ते मिसरच्या मेर्नेप्ताह राजाच्या, इ. स. पूर्व 1208 च्या सुमाराच्या शिलालेखात. तिथे ते भूमीचे नसून लोकांचे नाव आहे. शलमोनानंतर ते उत्तरेच्या राज्याकडे गेले. इ. स. पूर्व 722 च्या सुमारास ते राज्य बुडाले, नाव मात्र तरले. संदेष्ट्यांनी ते उरलेल्या यहूदासाठी वापरले. पुढे इराणी अमलात ‘येहूद’ आणि रोमन अमलात ‘यहूदीया’ झाले.

‘पॅलेस्टाईन’ हे आपल्या बायबलातील पलिष्ट्यांचेच नाव. एक रूप हिब्रूतून व दुसरे इंग्रजीतून आल्याने मराठी वाचकाला हे नाते जाणवत नाही. गज्जा, अष्कलोन या किनारी नगरांपुरते असलेले ते नाव इ. स. पूर्व पाचव्या शतकात हेरोडोटसने अधिक विस्तृत प्रदेशाला दिले. इ. स. 135 मध्ये बार कोखबाचे बंड मोडल्यावर रोमनांनी यहूदीयाला ‘सिरिया पॅलेस्टिना’ केले. यामागे सूडबुद्धी होती असे पुष्कळ अभ्यासक मानतात. परंतु नाव त्यांनी घडविलेले नव्हते. म्हणून आजच्या वादात ‘हे केवळ रोमनांचे कारस्थान’ आणि ‘हेच मूळचे नाव’ ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. व्हॅटिकनने 1993 मध्ये इस्राएलशी आणि 2015 मध्ये पॅलेस्टाईन राज्याशी करार केले, तेव्हा दोन्ही नावे त्याच्या दप्तरात शेजारी बसली.

आपल्या तोंडी असलेले ‘पवित्र भूमी’ हे नाव मात्र शास्त्रात विरळा. जखऱ्याच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांसाठी ते येते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात मिसरमधील बांधवांना धाडलेल्या पत्रात येते. आणि ज्ञानग्रंथात येते, जो बहुधा आलेक्झांद्रियात लिहिला गेला. परतणाऱ्यांच्या आणि दूर राहिलेल्यांच्या ओठांवरचे हे नाव. ज्ञानग्रंथाच्या बाराव्या अध्यायात ते त्या भूमीच्या आधीच्या रहिवाशांविषयी बोलताना आले आहे. त्यांच्या पापांची यादी कठोर आहे. तरीही, तीही माणसेच म्हणून देवाने त्यांच्याशी सबुरीने वागल्याचे तोच अध्याय सांगतो.