पथछायाचित्रणाचे लक्षण

कोणत्याही प्रकाराचे लक्षण अव्याप्ती व अतिव्याप्ती या दोन दोषांपासून मुक्त असावे, हा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. इंग्रजीत ज्यास ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ म्हणतात आणि आपण ज्यास पथछायाचित्रण म्हणू, त्या प्रकाराच्या बाबतीत हा दंडक क्वचितच पाळला जातो. ‘रस्त्यावर काढलेले ते पथछायाचित्र’ एवढ्यावर हौशी मंडळी समाधान मानतात. मग भाजीवाल्यास थांबवून, हसावयास सांगून घेतलेले चित्रही त्याच सदरात जाऊन बसते. ही समजूत कोणत्या आधारावर दूर करावी, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम अतिव्याप्ती पाहू. पॅरिसच्या नगरभवनासमोर चुंबन घेणाऱ्या युगुलाचे रॉबर्ट द्वानो याचे प्रसिद्ध चित्र १९५० साली अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काढलेले आहे. वर्दळीचा पदपथ, आपल्याच तंद्रीत चाललेले लोक आणि मध्यभागी जगाचे भान विसरलेले दोघे, अशी त्याची रचना आहे. १९८०नंतर भित्तिपत्राच्या रूपाने ते घरोघर पोहोचले. ते युगुल आपणच, असा दावा घेऊन १९९०च्या दशकाच्या आरंभी एक दांपत्य पुढे आले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा द्वानोने उघड केले की, चित्रातील तरुण-तरुणी नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी असून ते त्याच्या सांगण्यावरून तेथे उभे राहिले होते. रस्ता खरा, गर्दी खरी, त्या दोघांचे प्रेमही खरे. प्रसंग मात्र योजलेला.

आता अव्याप्ती. वॉकर इव्हान्स याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील उतारूंची चित्रे घेतली. कॅमेरा कोटाखाली दडविलेला, भिंग गुंड्यांच्या फटीतून डोकावणारे, कळीची तार बाहीतून हातात आणलेली. येथे रस्ता नाही, आकाशही नाही. तरीही समोरच्या बाकावरील ते बेसावध चेहरे या प्रकाराचे उत्तम नमुने म्हणून मान्य झाले आहेत.

तेव्हा लक्षण स्थळात नसून छायाचित्रकार व घटना यांच्या संबंधात आहे: सार्वजनिक जीवनातील जो प्रसंग छायाचित्रकाराने घडविला नाही, त्याचे त्याने केलेले ग्रहण म्हणजे पथछायाचित्रण.

यावर आक्षेप संभवतो की, चौकट बांधणे हीही योजनाच नव्हे काय? आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचे १९३२ सालचे साँ-लाझार स्थानकामागील चित्र पाहावे. साचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य झेप घेत आहे, आणि मागील भिंतीवरच्या जाहिरातीतील आकृतीही तशीच झेपावलेली आहे. भिंग कुंपणाच्या फटीतून रोखले होते. पुढे चित्राची कडाही कापण्यात आली. जागा, क्षण व चौकट ही सर्व निवड कलावंताची. उडी मात्र त्या मनुष्याची. निवड आणि योजना यांतील हा भेद सोडला, तर लक्षणच उरत नाही.

द्वानोच्या खुलाशानंतर त्या चित्रातील एकही रेषा बदलली नाही. गेली ती केवळ साक्ष. ‘असे खरोखर घडले’ हा प्रेक्षकाचा विश्वास. म्हणून केवळ चित्र न्याहाळून याचा निर्णय करता येत नाही, हे समीक्षकाने कबूल केले पाहिजे. उलट साक्षीलाही मोल द्यावे लागते. इव्हान्सच्या उतारूंची संमती कोणी विचारली नव्हती. त्या चित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ साली. लक्षणात बसणारे चित्र नीतीच्या कसोटीसही उतरतेच असे नाही.

यावरून शिकविण्याची रीतही ठरते. भाजीवाल्याचे चित्र घेऊन आलेल्या नवख्यास ‘हे पथछायाचित्र नव्हे’ एवढेच सांगितले, तर तो त्याचा अर्थ ‘हे वाईट आहे’ असा घेतो. प्रकारनिर्णय म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे. हे व्यक्तिचित्र आहे, त्याच कसोटीवर ते पाहू, असे म्हणून मग त्यास विचारावे: तुम्ही थांबविण्यापूर्वी तो काय करीत होता? या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे पुढील चित्र असण्याचा संभव आहे.