फितीच्या काठावरचा पुरावा

जुना कागद हाती आला की अभ्यासक आधी विचारतो : अस्सल की नक्कल? कागद कोणता, अक्षर कोणाचे, शिक्का कुठे, तारीख जुळते का? ही शिस्त मराठी इतिहासाच्या अंगी बाणवली ती वि. का. राजवाडे यांनी. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच गावात आहे. पांझरेच्या या काठावर, देवपुरात बसून नवल वाटते ते याचे, की माळ्यावर सापडलेल्या आठ किंवा सोळा मिलिमीटरच्या फितीला हे प्रश्न कोणीच विचारत नाही. फीत दुकानात जाते, चित्र पेनड्राइव्हवर येते आणि डबा भंगारात.

हे नुकसान केवढे, ते रिव्हर्सल फितीचा स्वभाव कळल्याशिवाय उमजत नाही. चित्रपटगृहातल्या चित्रपटाची निगेटिव्ह वेगळी असते. तिच्यावरून कितीही प्रिंट निघतात. कोडॅकने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिमी फीत आणली ती मात्र रिव्हर्सलची. हिच्यात कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते. पहिल्या डेव्हलपरने उमटलेली चांदी ब्लीचने काढायची, उरलेल्या क्षारांना पुन्हा प्रकाश दाखवायचा आणि दुसऱ्यांदा डेव्हलप करायचे. काम स्वस्त, पण प्रत एकच. म्हणजे हे छापील पुस्तक नव्हे, हस्तलिखित आहे.

ते ओळखायचे काठावरून. रिव्हर्सल अस्सलाचा चौकटीबाहेरचा काठ काळा असतो आणि त्यावर कंपनीची अक्षरे पारदर्शक दिसतात. चित्रात धुळीचे ठिपके पांढरे असतील, तर मध्ये एखादी निगेटिव्ह होती आणि हाती आहे ती नक्कल, असे समजावे.

अमेरिकेत बनलेल्या कोडॅक फितीच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या फीत बनल्याचे वर्ष सांगतात, चित्रणाचे नव्हे. शिवाय वीस वर्षांनी तीच खूण परत येते : एकच त्रिकोण १९३८ चाही आणि १९५८ चाही. चित्रात सरकारी इमारतीवर तिरंगा दिसला तर प्रश्न मिटतो. बैलजोडी आणि कपाशीचे शेत दिसले तर मिटत नाही. फितीचा आकारही साक्ष देतो. सुपर ८ आली १९६५ मध्ये. तिच्या डब्यावर ‘स्वातंत्र्यापूर्वीचे चित्रण’ असे लिहिले असेल, तर अक्षर आजोबांचे असले तरी मजकूर खोटाच.

खरी कसोटी न धुतलेल्या रिळाची. कोडाक्रोममध्ये रंग घडवणारी द्रव्ये फितीत नसत. ती धुताना घालावी लागत. कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ही रिळे घेणे थांबवले. आज तिच्यातून काळेपांढरे चित्र निघू शकते, एवढेच. तीच फीत कोणी नेहमीच्या रंगीत स्लाइडच्या रसायनांत टाकली तर रंग येत नाहीच, चित्रही धुऊन जाते. जुन्या काळ्यापांढऱ्या रिव्हर्सलचीही गत नाजूक आहे. वर्षानुवर्षे चढलेले धुके पहिल्याच डेव्हलपरमध्ये चांदी खाते, मग पॉझिटिव्हसाठी उरते ते फिकट, विरलेले चित्र. अशा वेळी पॉझिटिव्हचा हट्ट सोडून निगेटिव्ह काढणे शहाणपणाचे. आधी वीतभर तुकडा धुऊन पाहावा, मगच बाकीच्याला हात लावावा.

आपल्याकडच्या डिजिटायझेशनवर माझा आक्षेप यासाठी आहे. ते चौकट जपते आणि काठ कापते. मोडी पत्राचा शिक्का फाडून फक्त मजकूर ठेवण्यासारखेच हे झाले. स्कॅन छिद्रांसकट, काठापर्यंत व्हावे. डब्यावरचे नाव आणि खूण नोंदवावी. मूळ फीत थंड, कोरड्या जागी राहावी. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तिला व्हिनेगरचा वास सुटला, की तिचे दिवस भरत आले. काठ न पाहता वर्ष छापणाऱ्या मथळ्यांवर तोवर विश्वास ठेवू नये.